मागची बैठक

१

फसली सन १३४४, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीस. वैशाखाचा वद्य पक्ष. बालाघाटावरची रानं नांगरून उताणी पडली होती आणि आठ दिवसांत झाडाचं पान हललं नव्हतं.

लिंबागणेशचा धुळाजी सुतार तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. सकाळी उठावं, चूळ भरावी, आभाळाकडे बघावं, मग लाकूड तासायचा वाकस हातात घ्यावा, हा त्याचा क्रम. लोक पावसासाठी आभाळ बघत, हा विमानासाठी बघे. वर्षाकाठी एखादं दिसलं तर दिसलं. दिसलं की हातातलं काम टाकून, ठिपका पुसला जाईपर्यंत मान वर करून उभा राही. लढाईच्या वेळी तो दोन वर्षं बसऱ्याला होता, विमानांच्या तळावर, लाकडी फासळ्यांवर कापड शिवलेले पंख दुरुस्त करायच्या कामावर. घरात देवळीत त्याने स्वतः कोरलेली पाच लाकडी विमानं होती. त्यांना कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

बाजारात त्याला खबर लागली की उमापूरच्या अर्जुनराव देशमुखाने लढाईतली जुनी विमानं लिलावात घेऊन कापसाच्या वखारीत मांडली आहेत. अजायबघर म्हणतो त्याला. येईल त्याला फुकट दाखवतो.

धुळाजीने आठ दिवस विचार केला. मग देशमुखाला निरोप धाडला आणि धोतर धुवायला टाकलं.

"उमापूरला?" त्याची बायको चतुराबाई म्हणाली. "सतरा वर्सं त्या गावाचं नाव काढलं तर ताटावरून उठत होता तुमी."

"इमानं बघायला चाललोय. गाव बघायला न्हाई."

"बघा बघा. त्या इमानात बसूनच गेला असता तर माझी रोजची एक भाकरी तरी वाचली असती."

ती नेहमीच असं बोलायची. या वेळी धुळाजी हसला नाही.

२

गेवराईपर्यंत मोटार, पुढे पायी. वखार गावाबाहेर होती. दगडी भिंती, वर पत्रा, मोठं दोन फळ्यांचं दार. दाराच्या उंबऱ्याशी एक म्हातारी चातीवर लोकर कातत बसली होती. धुळाजीने तिला लांबूनच ओळखलं आणि त्याची पावलं जड झाली.

"कोण हाय?" म्हातारीने विचारलं. तिची नजर अधू झाली होती.

"लिंबागणेशचा. धुळाजी सुतार."

चाती थांबली. म्हातारीने, साखराबाईने, शेजारचा तांब्या पुढे सरकवला.

"उन्हाचा आलास. पानी पी."

तो प्यायला. "मावशी, तुमी हितं कावून बसता?"

"आतून गार लागतं." तिने पुन्हा चातीला पीळ दिला. मग म्हणाली, "पाळी त्याचीच होती न्हवं, धुळाजी?"

"व्हय," धुळाजी म्हणाला.

सतरा वर्षांपूर्वीही तिने असंच पाणी देऊन हेच विचारलं होतं आणि त्यानेही हेच उत्तर दिलं होतं. ते खोटं होतं.

तळावर एक रीत होती. ज्याने पंख शिवला त्याने दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात मागच्या बैठकीत बसायचं. शिवणारा स्वतः वर जाणार म्हटल्यावर टाका कच्चा राहत नाही, असा साहेब लोकांचा हिशेब. बसलं, पट्टा बांधला, की पुढच्या साहेबाच्या खांद्यावर दोन थापा मारायच्या. त्याचा अर्थ, बसलो, चला.

सन सोळाच्या थंडीत एका विमानाचा डावा पंख धुळाजीने शिवला होता. पाळी त्याची होती. त्या सकाळी त्याने पोट धरलं. त्याच्याच मुलखातला म्हाळू धनगर तळावर हमाली करायचा, अधूनमधून पंखही शिवायचा. साखराबाईचा एकुलता एक. बावीस वर्षांचा, नुसता हौशी. तो म्हणाला, "धुळूदादा, मी बसतो तुझ्याऐवजी. म्होरली माझी पाळी तू फेड." धुळाजी म्हणाला, "फेडतो."

विमान उत्तरेला गेलं. संध्याकाळ झाली. विमान आलं नाही. मग कधीच आलं नाही.

३

"या मिस्त्री!" आतून बंकट आला. वखारीचा राखणदार, ढेरपोट्या, बोलका. "मालक सकाळपास्नं मिशीला तेल लावून बसलेत. बसऱ्याचा माणूस येनार म्हनून."

अर्जुनराव देशमुख पांढऱ्या शेरवानीत उभा होता. वयाने धुळाजीपेक्षा लहान, पण बोलणं मोठ्याचं.

"ये सुतारा. असं अजायबघर हैद्राबादेत तरी हाय का?"

"म्या हैद्राबाद बघितलं न्हाई," धुळाजी म्हणाला.

देशमुख खुश होऊन हसला. वखारीत तीन विमानं होती. दोन पुढे, एक मागे भिंतीकडे. इंजिनं लष्कराने काढून घेतली होती, नुसते सांगाडे दिले होते. पुढच्या दोघांवर धूळ बसलेली, कापड मळलेलं. तरी धुळाजी थेट पंखापाशी गेला. त्याने पंखाच्या कडेवरून हात फिरवला. लग्नाच्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग प्रत्येक तार बोटाने छेडत, कान लावत तो विमानाभोवती फिरला. तळावर रोज सकाळी असंच फिरायचं असे.

"हे काय, एकतारी हाय का?" बंकट म्हणाला.

"तारंचा आवाज ऐकून कळतं, कुटं सैल हाय, कुटं ताठ."

दोन्ही विमानांच्या तारा ढिल्या पडल्या होत्या. थड् थड् वाजत. एवढ्या वर्षांनी तसंच व्हायचं. मग तो तिसऱ्याकडे वळला.

"हे आगंतुक हाय," देशमुख म्हणाला. "लिलावात दोनच घेतलती. जालन्याच्या ठेसनावर पेट्या उतरवल्या तर तीन. म्हनलं, पाहुणा आलाय, राहू दे."

तिसऱ्यावर धूळ नव्हती. वरच्या दोन्ही बैठकी उघड्या होत्या, एकीमागे एक, पाळण्यासारख्या. धुळाजीने खालची तार छेडली. ती इतकी ताठ होती की तिचा सूर बारीक, लांब निघाला आणि थांबेना. त्याने वरची छेडली. ती सैल. दुसऱ्या बाजूलाही तेच. खालच्या ताठ, वरच्या सैल.

तो थांबला.

जमिनीवर उभ्या विमानाचे पंख वरच्या तारांना टांगलेले असतात. त्या ताठ, खालच्या सैल. हवेत गेलं की हवा पंखांना वर उचलते. मग खालच्या ताठ होतात आणि वरच्या लोंबतात. हे त्याला एका म्हाताऱ्या गोऱ्या मिस्त्रीने खुणांनी शिकवलं होतं.

"हे कुनी जोडलं?" त्याने विचारलं.

"माझ्याच मानसांनी. का?"

"अक्कल न्हवती त्यांना. तारा वरच्या खाली अन् खालच्या वर ताणल्यात."

"मग कर सरळ. मी जेवून, जरा पडून येतो. पाना बंकटकडं हाय." देशमुख दारातून बाहेर पडला. जाताना म्हातारीला म्हणाला, "काय साखराबाई, गार लागतंय का?" तिची चाती फिरत राहिली.

धुळाजीने खालच्या तारेच्या पेचाला पाना लावला. एक आटा सोडला, दोन सोडले, चार सोडले. तार छेडली. सूर तोच. उतरला नव्हता. पेचाचा शेवटचा आटा राहिला तेव्हा त्याने हात काढून घेतला.

पेच झिजला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. झिजलेला पेच फिरतो, तार हलत नाही. सुताराला हे सांगावं लागत नाही.

४

विमानाच्या नाकाखाली एक जुनी परात ठेवलेली होती. तिच्यात तेल. वरून थेंब पडला, टप्.

धुळाजीने बोट बुडवून वास घेतला. एरंडेल. तळावरची इंजिनं एरंडेलच पीत. त्या वासाने सबंध तळाचं पोट बिघडलेलं असायचं. त्याने वाकून नाकात डोकावून पाहिलं. आत इंजिनाची जागा रिकामी. चार बोल्टांची भोकं, बस.

"हे तेल कुटून येतं बे?"

"मला काय म्हाईत?" बंकट म्हणाला. "रोज सकाळी परात भरती. माझ्या बायकूनं वात लावून बघितली. लई चांगलं जळतं."

"इंजिन न्हाई अन् तेल गळतं, तुला काय वाटत न्हाई?"

"मिस्त्री, घासलेटचा भाव म्हाईत हाय का तुमाला? ज्याचं त्यानं वाटून घ्यावं. मी दिवा लावतो." मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, "एकच सांगतो. मागल्या बैठकीचा पट्टा मी रोज सोडतो. रोज लागलेला असतो. आता मी सोडायचं सोडून दिलं. बैलं तहानली असतील, येतो मी पाजून."

तो गेला. दारातून उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता, त्यात साखराबाईची सावली आणि फिरणारी चाती. पत्रा तापून वर कुरकुरत होता. घाम मात्र येत नव्हता. वैशाखाच्या भर दुपारी धुळाजीच्या हातावर काटा उभा होता. म्हातारी म्हणाली ते खोटं नव्हतं. तिसऱ्या विमानाजवळ गार होतं. विहिरीसारखं गार नव्हे, कोरडं. विमान वर गेलं की असलं गार लागतं. दात वाजतात.

ठक् ठक्.

लाकडावर दोन ठोके. मागच्या बैठकीतून.

लाकूड उन्हाने तडकतं. धुळाजीने आयुष्यभर ऐकलं होतं. तडकतं तेव्हा एकदा तडकतं. दोनदा, सारख्या अंतराने, सारख्या जोराने तडकलेलं त्याला आठवेना.

तो तिकडे गेला नाही. तो डाव्या पंखाकडे गेला. का गेला ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण पाय तिकडेच वळले. टोकाकडून तिसरी फासळी. तिच्यावरून कापडाची पट्टी चिकटवलेली होती, वर रोगण. पट्टीचं टोक सुटलं होतं. त्याने नखाने उचललं.

आत तागी दोऱ्याचे टाके होते, मेण लावलेले, एकसारखे. आणि शेवटच्या वीतभर जागेत लाल दोऱ्याचे.

तो तिथेच जमिनीवर बसला.

त्या रात्री तागी दोरा संपला होता. कोठीला कुलूप होतं आणि विमान सकाळी जायचं होतं. धुळाजीच्या गाठोड्यात आईने दिलेली गोधडीच्या लाल दोऱ्याची लडी होती. आईची गोधडी तीस वर्षं उसवली नव्हती. त्याने तो दोरा दुहेरी केला, शेवटचे नऊ टाके घातले आणि वरून पट्टी चिकटवून टाकली. बीडच्या बाजारातला दोरा, लढाईच्या विमानाला. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या त्याला त्याची भीती वाटली आणि म्हणून पोट दुखलं. हे त्याने म्हाळूला सांगितलं नव्हतं. साखराबाईला सांगितलं नव्हतं. चतुराबाईलाही नाही.

त्याने टाके मोजले. नऊ. सगळे घट्ट. एकही तुटला नव्हता.

एकोणीस वर्षं त्याला ठाऊक होतं की विमान का आलं नाही. दोरा तुटला, कापड फाटलं, विमान पडलं. ते उत्तर वाईट होतं, पण उत्तर होतं. आता तेही गेलं.

५

डोकं ठिकाणावर ठेवायचं, असं तो कामाच्या माणसांना सांगे. आता त्याने स्वतःला सांगितलं. विमान वाळवंटात कुठेतरी उतरलं असेल. तेल संपलं असेल. म्हाळू आणि साहेब तहानेने गेले असतील. पुढे कुणाला सांगाडा सापडला असेल, त्याने मुंबईला धाडला असेल. पेट्यांची अदलाबदल झाली असेल. असं होऊ शकतं. लष्करात काहीही होतं.

हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त त्या तारा पटत नव्हत्या.

तो बसलेलाच होता. त्यामुळे चाक त्याच्या डोळ्यांसमोर आलं. बारीक, सायकलीसारखं चाक, खाली शहाबादी फरशी. त्याने बघितलं आणि नजर काढली. मग पुन्हा बघितलं. मग उपरण्याचा एक दोरा ओढून काढला. हातभर लांब. दोन्ही हातांत ताठ धरला आणि चाकाच्या पुढून फरशीला घासत मागे ओढला.

दोरा चाकाखालून आरपार गेला.

कुठेही अडला नाही. दुसऱ्या चाकाखालूनही गेला. शेपटीच्या आधाराखालूनही गेला. चाक आणि फरशी यांच्यात एका दोऱ्याएवढी जागा होती. तिच्यातून गार वारा येत होता आणि धुळाजीच्या बोटांना लागत होता. वाऱ्याबरोबर बारीक, फिकट वाळू येत होती. काळ्या रानाच्या मुलखात तसली वाळू नसते.

विमान उतरलं नव्हतं.

ते कुठेही पडलं नव्हतं. ते अजून उतरलंच नव्हतं.

वरून पुन्हा ठोके आले. ठक् ठक्. बसलो, चला. एकोणीस वर्षं कुणीतरी ते सांगत होतं.

धुळाजी उठला आणि दाराकडे चालू लागला. पळाला नाही. तो आयुष्यात कधी पळाला नव्हता, एकदाच पोट धरून झोपला होता.

६

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. उंबरा ओलांडला आणि घाम फुटला. रस्ता समोर होता. गेवराईला पाच वाजता मोटार. रात्रीच्या आत बीड, उद्या घर. आभाळाकडे बघायचं मात्र पुन्हा जमणार नाही, एवढंच.

"बघितली का इमानं?" साखराबाईने विचारलं.

"बघितली."

"माज्या डोळ्यांना दिसत न्हाईत. आवाज येतो." तिने चाती मांडीवर ठेवली. "सून दुसऱ्याच्या घरी गेली, बरं झालं. मला लोक म्हनतात, म्हातारे, वाट बघून बघून येडी झालीस. मी वाट बघत न्हाई, धुळाजी. वाट बघायला माणूस निघालेलं तरी पायजे. ह्यो निघतच न्हाई. कुनीतरी धरून ठिवल्यावानी."



"म्हनून इचारते. पाळी त्याचीच होती न्हवं? त्याची असंल तर मग काय बोलायचं."

रस्त्यावर एक बैलगाडी चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलं.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "पाळी माझी होती."

म्हातारीचा चेहरा हलला नाही. ती शिवी देईल, थुंकेल, ऊर बडवेल असं त्याला वाटलं होतं. त्याला ते चाललं असतं.

"पंख मी शिवलाता. कच्चा दोरा घातलाता. मला भ्या वाटलं. पोट दुखतंय म्हनून सांगितलं अन् त्यो माझ्याऐवजी गेला. म्होरली पाळी फेडतो म्हनलं व्हतं म्या."

"तू माज्या हातचं पानी पिलास," ती म्हणाली. "दोनदा."

"व्हय."

तिने चाती उचलली.

"मग जा की," ती म्हणाली. "कावून हुबा राह्यलास?"

बंकट बैलं पाजून येत होता. "काय मिस्त्री, झाल्या का तारा सरळ?"

"न्हाई. तू जरा बाहेरच थांब."

"का वो?"

"थांब म्हनलं ना बे."

बंकट थांबला. धुळाजीने पायताण उंबऱ्याशी काढलं, नीट जोडून ठेवलं. उपरणं घडी करून त्यावर ठेवलं. तळावर विमानात चढताना सैल कापड अंगावर ठेवायचं नसे.

७

आत गेल्यावर गारवा त्याच्या तोंडावर आला. तारा वाजत होत्या. आता छेडावं लागत नव्हतं. सगळ्या एकदम, बारीक, कुठेतरी फार वरून ऐकू यावं तशा.

त्याने पायरीवर पाय ठेवला. गुडघा कुरकुरला. बैठकीची कड धरून तो वर आला आणि आत पाहिलं.

बैठक रिकामी होती. पट्टा लागलेला होता. तो खाली लोंबत नव्हता. हवेत गोल होऊन ताठ उभा होता, एका माणसाच्या कमरेएवढा. बारीक कमरेच्या, तरण्या माणसाच्या.

"म्हाळू," धुळाजी म्हणाला. "ऊठ. पाळी माझी हाय."

काही झालं नाही. तारा वाजत राहिल्या. मग बक्कल खट् करून सुटलं आणि पट्टा गळून खाली पडला. सबंध विमान एका बाजूला किंचित कललं. कुणी उतरताना कलतं तितकं. पायरी दबली आणि वर आली.

धुळाजीने मागे वळून बघितलं नाही. तो आत उतरला आणि बसला. लाकूड उबदार होतं. सगळ्या वखारीत तेवढीच जागा उबदार होती. त्याने पट्टा ओढला. तो त्याला आखूड पडला. दोन भोकं सोडून घ्यावी लागली.

मग त्याने मान वर केली.

समोरची बैठक मघा रिकामी होती. आता तिच्या कडेवरून एक कातडी टोपी दिसत होती, मागून. तिच्या शिवणीत वाळू बसली होती. टोपी हलली नाही, वळली नाही. कुणाची तरी वाट बघत असावी तशी स्थिर होती.

लांब, फार लांब, दाराच्या उजेडाच्या चौकटीत साखराबाई उठून उभी राहिली होती. तिच्या समोर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. सडपातळ. डोक्याला खाकी फडकं गुंडाळलेलं.

"लई उशीर केलास रे," म्हातारी म्हणाली.

धुळाजीने हात पुढे केला. समोरच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

पाळी फिटली.